'डिसअफेक्शन' : एका इंग्रजी शब्दाचा अर्थ आणि वसाहतकालीन न्यायव्यवहार

प्रास्ताविक

लोकमान्य टिळकांवर १८९७ साली चाललेल्या खटल्याचा उल्लेख आपल्या पाठ्यपुस्तकांतून 'राजद्रोहाचा खटला' असा केला जातो. हा उल्लेख चुकीचा म्हणता येणार नाही. तथापि ज्या कलमाखाली हा खटला चालला, त्या भारतीय दंड संहितेच्या कलम १२४-अ च्या मजकुरात 'सेडिशन' हा शब्द नव्हता. कलमाचा सर्व भार 'डिसअफेक्शन' या दुसऱ्याच शब्दावर होता. सरकारविषयी 'डिसअफेक्शन'ची भावना जो चेतवील वा चेतविण्याचा प्रयत्न करील तो गुन्हेगार, असे त्या कलमाचे सार होते. साहजिकच आरोपी दोषी की निर्दोष हा प्रश्न या शब्दाचा अर्थ काय, या प्रश्नाशी जखडला गेला.

टिळकांच्या खटल्यांवर मराठीत विपुल लेखन झाले आहे. त्यात रँडचा खून, प्लेगच्या काळातील अंमलबजावणी, ज्यूरीची रचना आणि टिळकांचे धैर्य यांचा ऊहापोह आढळतो. शब्दार्थाच्या वादाचा निर्देश मात्र बहुधा एखाद्या वाक्यात उरकला जातो. एखाद्या इंग्रजी शब्दाचा अर्थ कोशात पाहून समजतो, अशी आपली व आपल्या विद्यार्थ्यांची समजूत असते. प्रस्तुत लेखात या शब्दाचा अर्थ कोणी, कोणत्या प्रसंगी आणि कशासाठी ठरविला, याचा मागोवा घेण्याचा प्रयत्न केला आहे.

शब्दाची घडण

'अफेक्शन' या शब्दाचे मूळ लॅटिन असून त्या मुळाशी 'परिणाम करणे' अशी कल्पना आहे. त्यावरून मनावर झालेला परिणाम, म्हणजेच मनाचा कल, असा अर्थ आला आणि प्रेम, जिव्हाळा हा अर्थ पुढे रूढ झाला. सतराव्या शतकातील इंग्लंडच्या यादवी युद्धाच्या काळात 'वेल-अफेक्टेड' म्हणजे आपल्या पक्षाकडे कल असणारे आणि 'डिसअफेक्टेड' म्हणजे विरुद्ध पक्षाकडे झुकलेले, अशी विभागणी राजकीय भाषेत सर्रास केली जात असे. पुढे स्टुअर्ट घराण्याच्या पाठीराख्यांनाही हेच विशेषण लागले. येथे प्रेमाचा प्रश्न नव्हता. निष्ठा कोणाकडे आहे हा प्रश्न होता. डॉ. सॅम्युएल जॉन्सन यांच्या १७५५ च्या कोशात 'डिसअफेक्टेड' म्हणजे उत्साह वा प्रेम नसलेला, असा अर्थ देऊन हा शब्द बहुधा सरकारच्या शत्रूंना लावतात, असे सांगितले आहे. एकाच नोंदीत अभावही आहे आणि शत्रुत्वही आहे. जॉन्सन यांना यात विसंगती वाटली नसावी, कारण त्यांच्यासमोर आरोपी उभा नव्हता.

'डिस' या उपसर्गाची अडचण आपल्याकडील व्याकरणपरंपरेला अपरिचित नाही. संस्कृत वैयाकरणांनी 'नञ्' म्हणजे नकारवाचक 'अ' याचे सहा अर्थ मानले आहेत : सादृश्य, अभाव, भिन्नता, अल्पता, अप्राशस्त्य आणि विरोध. 'अपाप' म्हणजे पापाचा अभाव. परंतु 'अधर्म' म्हणजे धर्माचा नुसता अभाव नव्हे, तर धर्माच्या विरुद्ध असलेले काही. जो मित्र नाही असा प्रत्येक मनुष्य 'अमित्र' ठरत नाही. 'अमित्र' म्हणजे शत्रू. इंग्रजी 'डिस'चेही असेच आहे. 'डिसलाइक' म्हणजे आवड नसणे एवढेच नव्हे, तर नावड असणे. मला कारले आवडत नाही आणि कारल्याविषयी मी उदासीन आहे, या दोन अवस्थांत जे अंतर आहे, तेच 'डिसअफेक्शन'च्या दोन अर्थांत आहे. मराठी विधिलेखनात या शब्दासाठी 'अप्रीती' हा प्रतिशब्द स्वीकारला गेला. तो अन्वर्थक आहे, पण मूळ शब्दातील संदिग्धता त्याने जशीच्या तशी मराठीत आणली. प्रीती नसणे आणि प्रीतीच्या विरुद्ध भावना असणे, हे दोन्ही अर्थ 'अप्रीती'त बसतात.

कलमाचा जन्म

मेकॉले यांच्या अध्यक्षतेखालील विधी आयोगाने १८३७ साली दंड संहितेचा जो मसुदा तयार केला, त्याच्या ११३ व्या कलमात हा गुन्हा आणि हा शब्द होता. १८६० साली मंजूर होऊन १८६२ पासून अंमलात आलेल्या संहितेतून मात्र ते कलम वगळले गेले. १८७० मध्ये जेम्स फिट्झजेम्स स्टीफन यांनी ते १२४-अ या क्रमांकाने समाविष्ट केले. वहाबी चळवळीची पार्श्वभूमी त्यामागे होती. शिक्षा जन्मठेप काळ्या पाण्यापर्यंत जाऊ शकत होती.

या कलमाला एक स्पष्टीकरण जोडलेले होते. सरकारच्या कायदेशीर सत्तेची आज्ञा पाळण्याची आणि ती सत्ता उलथू पाहणाऱ्यांविरुद्ध तिला साहाय्य करण्याची वृत्ती कायम राखून सरकारी उपायांबद्दल व्यक्त केलेली नापसंती म्हणजे 'डिसअफेक्शन' नव्हे, असा त्याचा आशय होता. नापसंतीसाठी तेथे 'डिसॲप्रोबेशन' हा तितकाच भारदस्त शब्द योजला होता. 'डिसअफेक्शन'ची व्याख्या कलमात कोठेही नव्हती. काय 'डिसअफेक्शन' नव्हे एवढेच सांगितले होते.

ज्या सरकारला प्रजेने अर्जविनंत्यांत 'मायबाप' म्हणावे, त्या सरकारने प्रजेकडून आज्ञापालनाबरोबर प्रेमाचीही अपेक्षा करावी, यात एक प्रकारची संगती होती. कुटुंबात प्रेमाचा अभाव हाच अपराध ठरतो. राज्यव्यवहारात तसे ठरावे की नाही, हा प्रश्न १८७० नंतर सुमारे वीस वर्षे न्यायालयापुढे आला नाही.

'बंगवासी' खटला

तो प्रथम १८९१ साली कलकत्त्यात आला. संमतिवयाच्या कायद्यावर 'बंगवासी' या बंगाली पत्राने कडाडून टीका केली. त्यावरून मालक जोगेंद्रचंद्र बोस व इतरांवर खटला भरण्यात आला. मुख्य न्यायाधीश सर कोमर पेथरम यांनी ज्यूरीला सांगितले की, 'डिसअफेक्शन' म्हणजे 'अफेक्शन'च्या विरुद्ध भावना, अर्थात नावड वा द्वेष. आणि 'डिसॲप्रोबेशन' म्हणजे केवळ नापसंती. एखाद्याची कृती नापसंत असूनही तो मनुष्य आपल्याला आवडू शकतो, असा भेद त्यांनी केला. ज्यूरीचे एकमत झाले नाही, पुढे आरोपींनी माफी मागितली आणि प्रकरण मिटले. पेथरम यांचा 'विरुद्ध' हा शब्द येथे लक्षात ठेवणे आवश्यक आहे.

१८९७ : न्या. स्ट्रॅची यांचा अर्थ

'केसरी'च्या १५ जून १८९७ च्या अंकात शिवराज्याभिषेक उत्सवाचा वृत्तान्त आणि 'शिवाजीचे उद्गार' ही कविता प्रसिद्ध झाली. वृत्तान्तात प्रा. भानू यांचे व्याख्यान आणि अफजलखानाच्या वधाविषयी टिळकांनी अध्यक्ष या नात्याने केलेले विवेचन होते. २२ जूनच्या रात्री पुण्यात गणेशखिंड रस्त्यावर रँड आणि आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडण्यात आल्या. २७ जुलै रोजी टिळकांना मुंबईत अटक झाली. न्या. बद्रुद्दीन तय्यबजी यांनी त्यांना जामीन दिला. ८ सप्टेंबरपासून मुंबई उच्च न्यायालयात न्या. आर्थर स्ट्रॅची आणि नऊ जणांची ज्यूरी यांच्यापुढे खटला सुरू झाला. ज्यूरीत सहा युरोपियन आणि तीन भारतीय होते. बचावासाठी कलकत्त्याहून बॅरिस्टर प्यू आले होते.

लेख मराठीत होते आणि ज्यूरीतील बहुसंख्यांना मराठी येत नव्हते. म्हणजे प्रथम मराठी मजकुराचे सरकारी भाषांतर, त्यावरून ज्यूरीच्या मनात उमटणारा अर्थ, आणि त्या अर्थाला लावावयाचे 'डिसअफेक्शन' या शब्दाचे माप, अशा तीन पायऱ्यांनी मूळ मजकूर अपराधापर्यंत पोहोचत होता. वरच्या दोन पायऱ्या डळमळीत असल्यावर निदान माप तरी निश्चित असावयास हवे होते.

न्या. स्ट्रॅची यांनी ज्यूरीस केलेल्या मार्गदर्शनात आपण पेथरम यांच्याशी सहमत असल्याचे सांगितले आणि 'डिसअफेक्शन' म्हणजे केवळ 'अफेक्शन'चा अभाव, असे प्रतिपादन केले. पेथरम अभाव म्हणाले नव्हते. ते विरुद्ध भावना म्हणाले होते. सहमतीच्या आवरणाखाली एक शब्द बदलला आणि कलमाची व्याप्ती अनेक पटींनी वाढली. स्ट्रॅची यांच्या बाजूने हे नमूद केले पाहिजे की, त्यांनी लगेच पुढच्याच वाक्यात द्वेष, वैर, नावड, शत्रुत्व, तुच्छता आणि सरकारविषयीचा सर्व प्रकारचा दुर्भाव यांची यादी दिली व 'डिसलॉयल्टी', म्हणजे निष्ठाहीनता, हा सर्वांत समर्पक सर्वसाधारण शब्द म्हणून सुचविला. परंतु ही यादी वाचली की प्रश्न अधिकच बिकट होतो. यादीतील प्रत्येक भावना भावरूप आहे, आणि व्याख्या मात्र अभावरूप आहे. ज्यूरीने यांपैकी कशाला धरावे? शिवाय भावनेची तीव्रता किती, तिच्यामुळे प्रत्यक्ष दंगा वा उठाव झाला की नाही, या गोष्टी गैरलागू आहेत, असेही त्यांनी सांगितले. भावना मोठी असो वा लहान, ती चेतविण्याचा प्रयत्न पुरेसा.

१४ सप्टेंबर रोजी सहा विरुद्ध तीन मतांनी टिळक दोषी ठरले. सहाही युरोपियन एका बाजूला आणि तिघे भारतीय दुसऱ्या बाजूला होते. मुद्रक केशव महादेव बाळ निर्दोष सुटले. टिळकांना अठरा महिन्यांची सक्तमजुरी झाली. प्रिव्ही कौन्सिलपुढे अपिलाची परवानगी मागताना पुढे इंग्लंडचे पंतप्रधान झालेले ॲस्क्विथ टिळकांच्या वतीने उभे राहिले. प्रेमाचा अभाव हा अर्थ ज्यूरीची दिशाभूल करणारा होता, हा त्यांच्या युक्तिवादाचा प्रमुख मुद्दा होता. परवानगी नाकारण्यात आली. मॅक्स म्यूलर प्रभृतींच्या विनंतीअर्जानंतर सप्टेंबर १८९८ मध्ये टिळकांची मुदतीपूर्वी सुटका झाली, हे सर्वश्रुत आहे.

'प्रतोद' खटला आणि न्या. रानडे

टिळकांच्या खटल्याच्या झगमगाटात त्याच वर्षीचा दुसरा एक खटला झाकोळला गेला आहे. शब्दार्थाच्या दृष्टीने तो अधिक महत्त्वाचा आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. सातारा जिल्ह्यातील 'प्रतोद' या पत्रात कॅनडाच्या उदाहरणावरून स्वातंत्र्याविषयी एक लेख आला होता. सत्र न्यायालयाने दोषी ठरविलेल्यांचे अपील मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठापुढे आले. मुख्य न्यायाधीश फॅरन, न्या. पार्सन्स आणि न्या. महादेव गोविंद रानडे असे हे पीठ होते.

न्या. पार्सन्स यांनी 'डिसअफेक्शन'चा अर्थ प्रेमाचा अभाव वा प्रेमाच्या विरुद्ध भावना असा घेता येणार नाही, असे स्पष्ट म्हटले. हा शब्द विशिष्ट राजकीय अर्थाने योजलेला असून प्रस्थापित सरकारविषयीची अशी निष्ठाहीनता, की जिची परिणती आज्ञा न पाळण्याकडे, प्रतिकाराकडे आणि सरकार उलथण्याकडे होते, असा अर्थ त्यांनी लावला. सतराव्या शतकातील इंग्रजी वापराशी हा अर्थ अधिक जुळतो. न्या. रानडे यांनीही प्रेमाचा वा सद्भावनेचा नुसता अभाव म्हणजे 'डिसअफेक्शन' नव्हे, असे सांगितले. ती एक निश्चित अशी तिटकाऱ्याची भावना असून ती सत्तेचा उघड अवमान करते किंवा गुप्तपणे लोकांची मने फिरवून राजनिष्ठेचा बंध सैल करते, असे त्यांचे विवेचन होते.

टिळक आणि रानडे यांच्यातील मतभेद सर्वपरिचित आहेत. सार्वजनिक सभेपासून सामाजिक परिषदेपर्यंत दोघे परस्परांसमोर उभे ठाकले होते. टिळक तुरुंगात गेले त्याच वर्षी, ज्या व्याख्येच्या आधारे ते गेले तिचा अभावरूप भाग रानडे यांनी न्यायासनावरून अमान्य केला, ही गोष्ट आपल्या चरित्रग्रंथांच्या मांडणीत सहज बसत नाही. अर्थात तिचा फार गौरव करण्याचेही कारण नाही. पीठाने आरोपींचे दोषित्व कायम ठेवले, फक्त शिक्षा कमी केली. रानडे यांच्या अर्थातील 'गुप्तपणे' हा शब्दही पुढे अभियोक्त्यांच्या उपयोगी पडण्याजोगा होता. मवाळ न्यायबुद्धीची मर्यादा आणि तिचे मोल, दोन्ही या निकालपत्रात एकत्र दिसतात.

विधिमंडळाचे उत्तर

न्यायालयांतील हा मतभेद सरकारने १८९८ च्या चौथ्या अधिनियमाने मिटविला. कलमात 'हेट्रेड' आणि 'कंटेम्प्ट', म्हणजे द्वेष आणि तुच्छता, हे शब्द घालण्यात आले आणि 'डिसअफेक्शन'मध्ये निष्ठाहीनता व वैराच्या सर्व भावनांचा समावेश होतो, असे नवे स्पष्टीकरण जोडले गेले. स्ट्रॅची यांची यादी जवळजवळ कायद्यात उतरली. अभावाचा उल्लेख तेवढा आला नाही. ध्यानात घेण्यासारखे हे की, 'समावेश होतो' या शब्दप्रयोगाने व्याख्या पूर्ण होत नाही. आणखी कशाचा समावेश होतो, हे अनुक्तच राहिले.

सुधारलेल्या कलमाचा फटका १९०८ मध्ये पुन्हा टिळकांनाच बसला. 'देशाचे दुर्दैव' आणि 'हे उपाय टिकाऊ नाहीत' हे लेख त्या खटल्याचा विषय होते. टिळकांनी स्वतःच बचाव केला आणि एकवीस तासांहून अधिक काळ भाषण केले. त्यातील मोठा भाग सरकारी भाषांतराच्या चिरफाडीला दिलेला आहे. सरकारी भाषांतरकाराची उलटतपासणी वाचताना आपण न्यायालयात आहोत की भाषांतरशास्त्राच्या वर्गात, असा प्रश्न पडतो. न्या. दिनशा दावर यांनी, ज्यांनी १८९७ साली टिळकांच्या जामिनासाठी वकील म्हणून काम केले होते, सात विरुद्ध दोन अशा ज्यूरीच्या कौलानंतर सहा वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा सुनावली. १९१६ मध्ये बॅ. जिनांनी टिळकांची बाजू मांडली, त्या जामीनकीच्या प्रकरणात मात्र न्या. बॅचलर व न्या. शहा यांनी भाषणांचा एकत्रित परिणाम पाहून टिळकांच्या बाजूने निर्णय दिला.

याच संदर्भात 'असंतोष' या मराठी शब्दाची कथा मनोरंजक आहे. व्हॅलेंटाइन चिरोल यांच्या १९१० च्या 'इंडियन अनरेस्ट' या पुस्तकातील दूषण मराठी माणसाने 'असंतोषाचे जनक' या भूषणात रूपांतरित केले. 'अनरेस्ट' म्हणजे अस्वस्थता, 'डिस्कंटेन्ट' म्हणजे असंतोष आणि 'डिसअफेक्शन' म्हणजे अप्रीती, हे भेद लोकभाषेने मानले नाहीत. कायद्याने जे चेतविणे हा अपराध ठरविला होता, त्याच्या जवळपासचा शब्द लोकांनी गौरवासाठी निवडला. चिरोल यांच्यावर टिळकांनी भरलेला अब्रुनुकसानीचा दावा १९१९ मध्ये लंडनमध्ये फेटाळला गेला, पण उपाधी टिकली.

शब्दाचा स्वीकार हाच बचाव

१८ मार्च १९२२ रोजी अहमदाबाद येथे न्यायाधीश ब्रूमफील्ड यांच्यापुढे महात्मा गांधींनी या शब्दाशी अगदी निराळा व्यवहार केला. त्यांनी अर्थाविषयी वाद घातलाच नाही. प्रेम कायद्याने निर्माण करता येत नाही वा त्याचे नियमन करता येत नाही. एखाद्या व्यक्तीविषयी वा व्यवस्थेविषयी प्रेम नसेल, तर हिंसेची चिथावणी न देता ते पूर्णपणे व्यक्त करण्याची मुभा असली पाहिजे, असे त्यांनी सांगितले व अपराध मान्य केला. स्ट्रॅची यांचा सर्वांत व्यापक अर्थ गृहीत धरून त्यांनी तो कलमावरच उलटविला. टिळकांचा मार्ग वकिलाचा होता, गांधींचा नव्हता, असे यावरून म्हणण्याचा मोह होतो. पण टिळकांनी व्याख्येशी झगडून तिची अडचण उघडी पाडली नसती, तर गांधींच्या निवेदनाला ती धार आली असती काय, याची शंका वाटते.

स्वातंत्र्यानंतर

१९४२ मध्ये नीहारेंदु दत्त मजुमदार प्रकरणात फेडरल कोर्टाने सार्वजनिक अव्यवस्था हा या गुन्ह्याचा गाभा मानला. १९४७ मध्ये सदाशिव नारायण भालेराव प्रकरणात प्रिव्ही कौन्सिलने ते अमान्य करून टिळक खटल्यातील अर्थाकडे पुन्हा वाट वळविली. 'सेडिशन' हा शब्द कलमाच्या मजकुरात नसून केवळ समासातील शीर्षकात आहे, हेही तेथेच सांगितले गेले. घटना समितीत कन्हैयालाल मुन्शी यांच्या सूचनेनुसार अभिव्यक्तिस्वातंत्र्यावरील निर्बंधांच्या यादीतून 'सेडिशन' हा शब्द काढण्यात आला. दंड संहितेतील कलम मात्र राहिले. १९६२ च्या केदारनाथ सिंह प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने फेडरल कोर्टाच्या बाजूने कौल दिला आणि हिंसेची चिथावणी वा अव्यवस्थेची प्रवृत्ती असेल तरच कलम लागू होईल, अशा मर्यादित अर्थाने ते वैध ठरविले. शब्द तोच राहिला, अर्थ पासष्ट वर्षांनी पार्सन्स यांच्या दिशेने सरकला.

महाराष्ट्रात हा प्रश्न २०१५ साली अनपेक्षितपणे भाषांतराच्याच वाटेने पुन्हा पुढे आला. व्यंगचित्रांवरून झालेल्या कारवाईच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने निर्णय दिल्यानंतर राज्य शासनाने पोलिसांसाठी मराठीत परिपत्रक काढले. त्यातील भाषेवरून लोकप्रतिनिधी व लोकसेवक यांच्यावरील टीकाही या कलमाखाली येईल, असा अर्थ निघत होता. वाद झाला आणि शासनाने ते मागे घेतले. सामान्य वृत्तपत्रीय व्यवहारात तर 'राजद्रोह' आणि 'देशद्रोह' हे शब्द आलटून पालटून वापरले जातात. राज्यकर्ता, राज्यसंस्था आणि देश या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, हे राज्यशास्त्राच्या पहिल्या वर्षाला शिकविणाऱ्या अध्यापकाला त्याच दिवशीचे वर्तमानपत्र खोडून काढते.

११ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कलम १२४-अ चा वापर स्थगित ठेवण्याचा अंतरिम आदेश दिला. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता अंमलात आली. तिच्या कलम १५२ मध्ये फुटीरता, सशस्त्र बंड, विध्वंसक कृती आणि सार्वभौमत्व, एकता व अखंडता धोक्यात आणणे यांचा उल्लेख आहे. 'डिसअफेक्शन' हा शब्द त्यात नाही. त्याचा जुना सोबती 'डिसॲप्रोबेशन' मात्र स्पष्टीकरणात अद्याप आहे : सरकारी उपाययोजनांत कायदेशीर मार्गाने बदल व्हावा म्हणून व्यक्त केलेली नापसंती, या कलमातील कृती चेतविल्या नसतील तर, अपराध नव्हे. १८७० साली हा शब्द 'डिसअफेक्शन'ची सीमा दाखविण्यासाठी आला होता. आता ज्याची सीमा दाखवावयाची तो शब्द गेला आहे, आणि 'विध्वंसक कृती' या नव्या शब्दप्रयोगाचीही व्याख्या संहितेने केलेली नाही.